चौकोन सोपे, बाण अवघड

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’मधील सर्व्हर सायबर हल्ल्यात बंद पडले आणि देशभरातून रुग्ण येणाऱ्या या रुग्णालयाचा कारभार सुमारे दोन आठवडे कागद-पेनावर आला. केसपेपर हाताने लिहावे लागले, तपासण्यांचे अहवाल एका विभागातून दुसऱ्या विभागात हातोहात न्यावे लागले. तेव्हा चर्चा रंगली ती हल्लेखोर कोण, कोणत्या देशातले, त्यांनी खंडणी किती मागितली याची. पुढे सरकारने संसदेत जे उत्तर दिले, त्यातल्या एका मुद्द्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. संस्थेच्या नेटवर्कची विभागणी योग्य प्रकारे झालेली नव्हती, त्यामुळे सर्व्हरपर्यंत हल्लेखोर पोहोचू शकले, असे कारण त्या उत्तरात दिले होते.

हे कारण रचनेशी संबंधित आहे. कोणती यंत्रणा कोणाशी जोडलेली आहे, कोणाशी जोडलेली असता कामा नये आणि हे सगळे कुठे नीट लिहून ठेवले आहे का, असा तो प्रश्न आहे. मोठ्या सॉफ्टवेअरची रचना कागदावर कशी मांडावी, कोणत्या भाषेत मांडावी, हा विषय आजवर सॉफ्टवेअर कंपन्यांच्या बैठकांपुरता समजला गेला. नोंदणीपासून औषधांपर्यंत आणि एक्स-रेपासून विम्यापर्यंत सारी आरोग्यसेवा संगणकावर येत असताना तो रुग्णाच्या सुरक्षिततेचा विषय झाला आहे. म्हणूनच सार्वजनिक पैशातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक आरोग्य-यंत्रणेकडे तिचे नेमक्या भाषेतले, अद्ययावत रचनाचित्र असणे बंधनकारक व्हायला हवे.

इमारतीचा नकाशा ज्याने पाहिला असेल त्याला नेमकी भाषा म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. नकाशावर प्रमाण लिहिलेले असते. दार कोणत्या बाजूला उघडते हे छोट्या कमानीने दाखवतात. आरसीसीच्या नकाशात सळईचा व्यास आणि दोन सळयांमधले अंतर मिलिमीटरमध्ये असते. नागपूरच्या अभियंत्याने काढलेला नकाशा कोल्हापूरच्या ठेकेदाराला वाचता येतो, कारण त्यातल्या प्रत्येक रेघेचा अर्थ आधीच ठरलेला आहे.

सॉफ्टवेअरच्या बैठकीत फळ्यावर जे चित्र निघते ते असे नसते. काही चौकोन, माहितीसाठ्यासाठी एखादा पिंपासारखा आकार आणि त्यांना जोडणारे बाण. चौकोनात निदान नाव तरी असते. समजा, ‘रुग्णनोंदणी’ या चौकोनातून ‘प्रयोगशाळा’ या चौकोनाकडे एक बाण गेला आहे. याचा अर्थ नोंदणीची यंत्रणा प्रयोगशाळेला माहिती पाठवते, असा होऊ शकतो. ती प्रयोगशाळेकडून माहिती मागते, असाही होऊ शकतो. नोंदणी पूर्ण झाल्याशिवाय तपासणी सुरू होत नाही, एवढाच कामाचा क्रम त्यात सांगितलेला असू शकतो. किंवा प्रयोगशाळेचा सर्व्हर बंद पडला तर नोंदणीही थांबेल, हे अवलंबित्व त्यात असू शकते. चार माणसे ते चित्र पाहून मान डोलावतात आणि चार वेगवेगळे अर्थ घेऊन बाहेर पडतात. काम सुरू झाल्यावर काही महिन्यांनी मतभेद उघड होतात, तोवर प्रत्येकाने आपापल्या अर्थाप्रमाणे प्रोग्रॅम लिहून टाकलेला असतो.

यावर उपाय म्हणून प्रमाणित भाषा तयार झाल्या. पण दोन भाषांची सरमिसळ केली तर त्याही फसवतात. ‘यूएमएल’ ही १९९७ मध्ये प्रमाणित झालेली चित्रभाषा. तिच्यात अवलंबित्वाचा बाण सेवा घेणाऱ्याकडून सेवा देणाऱ्याकडे जातो. ‘आर्किमेट’ ही नेदरलँड्समध्ये २००२ ते २००४ या काळात विकसित झालेली आणि २००९ पासून ‘द ओपन ग्रुप’ या संस्थेचे प्रमाण असलेली भाषा, संपूर्ण संस्थेचा कारभार आणि संगणक यंत्रणा एकत्र दाखवण्यासाठी आहे. तिच्यात सेवेचा बाण सेवा देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जातो. म्हणजे एकाच गोष्टीसाठी दोन भाषांत बाणाची दिशा उलटी. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. कोणती भाषा वापरली आहे हे चित्राच्या कोपऱ्यात लिहिलेले नसेल, तर वाचणारा नेमका उलटा अर्थ घेऊ शकतो.

रुग्णाच्या खाटेशेजारी याचा अर्थ काय होतो ते पाहू. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर वेदना कमी करण्यासाठी काही रुग्णांना मॉर्फिनसारखे औषध पंपातून दिले जाते. दुखू लागले की रुग्ण बटण दाबतो आणि ठरलेला डोस शरीरात जातो. औषध जास्त झाले तर श्वास मंदावतो, हा धोका. म्हणून बोटाला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर लावायचा आणि ऑक्सिजन घसरला की संगणकाने पंप आपोआप थांबवायचा, अशी योजना करता येते. चित्रात तीन चौकोन: ऑक्सिमीटर, नियंत्रक संगणक आणि पंप. दोन बाण: ऑक्सिमीटरकडून संगणकाकडे आणि संगणकाकडून पंपाकडे. चित्र पूर्ण झाल्यासारखे वाटते.

आता त्या बाणांना प्रश्न विचारावेत. ऑक्सिजनचा आकडा दर सेकंदाला येतो की फक्त बदलला तरच? क्लिप बोटावरून निसटली तर संगणकाला ‘आकडा आला नाही’ असे कळते, की तो जुनाच आकडा खरा धरून चालतो? आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे, संगणक आणि पंप यांच्यातली वायर सुटली तर काय होते? संगणक ‘थांब’ असा आदेश पाठवणार असेल, तर वायर सुटल्यावर तो आदेश पोहोचणारच नाही आणि पंप चालू राहील. याउलट, संगणकाने पंपाला थोड्या वेळापुरती ‘चालू राहा’ अशी परवानगी द्यायची आणि नवी परवानगी आली नाही तर पंपाने स्वतःहून थांबायचे, अशी रचना केली, तर तीच वायर सुटल्यावर औषध बंद होते. दोन रचनांचे फळ्यावरचे चित्र हुबेहूब सारखे आहे. चौकोन तेच, बाण तेच. रुग्णाच्या दृष्टीने मात्र दोन्हींत जीवन-मरणाचे अंतर आहे.

सॉफ्टवेअरचे अभ्यासक गेली तीन दशके याच मुद्द्यावर काम करीत आहेत. १९९०च्या दशकात अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात मेरी शॉ आणि डेव्हिड गार्लन यांनी असे मांडले की, घटकांइतकेच महत्त्व त्यांच्यातल्या जोडणीला द्यायला हवे. रॉबर्ट अ‍ॅलन आणि गार्लन यांच्या ‘राइट’ या भाषेत बाण ही नुसती रेघ राहिली नाही. कोण आधी बोलणार, उत्तर आले नाही तर काय, संवाद कसा संपणार, याचे नियम त्या जोडणीसोबतच लिहायचे आणि दोन घटक एकमेकांची वाट पाहत अडकून तर पडणार नाहीत ना, हे गणिताने तपासायचे, अशी ती पद्धत होती. २००४ मध्ये ‘एएडीएल’ ही भाषा अमेरिकेत मानक म्हणून प्रसिद्ध झाली. विमानातील आणि वाहनांतील नियंत्रण यंत्रणांसाठी ती घडवली गेली. तिच्यात प्रत्येक घटक कोणत्या प्रोसेसरवर चालतो, किती वेळाने चालतो, संदेश पोहोचायला किती वेळ लागतो, हे लिहावे लागते. त्यावरून ‘ऑक्सिजन घसरल्यापासून पंप थांबेपर्यंत जास्तीत जास्त किती वेळ जाईल’ यासारख्या प्रश्नाचे उत्तर यंत्र बनवण्याआधीच काढता येते. कॅन्सस स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी अशा वेदनाशामक पंपाची खुली रचना याच भाषेत मांडून दाखवली आहे.

नेमके वर्णन नसल्याची किंवा ते तपासले न गेल्याची किंमत किती असू शकते, हे तीन घटनांवरून कळते. पहिली वैद्यकातली. ‘थेरॅक-२५’ हे कॅनडात बनलेले कर्करोगाच्या उपचाराचे किरणोत्सर्ग यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना त्यातून प्रमाणाबाहेर किरणोत्सर्ग मिळाला. काहींचा त्यात मृत्यू झाला. सॉफ्टवेअरमधली चूक आधीच्या ‘थेरॅक-२०’ या यंत्रातही होती, असे नंतर लक्षात आले. तिथे मात्र विजेच्या जोडणीतच वेगळी सुरक्षा-कळ होती. चूक घडली की फ्यूज उडे आणि रुग्ण वाचे. नव्या यंत्रात त्या कळा काढून सुरक्षेची जबाबदारी सॉफ्टवेअरवर टाकण्यात आली. प्रोग्रॅममधली चूक जुनीच होती. बदलली ती रचना, आणि त्या बदलाने एका निरुपद्रवी दोषाला जीवघेणे केले.

दुसरी घटना ४ जून १९९६ची. युरोपचे ‘एरियान-५’ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. दिशा मोजणारा एक संगणक बंद पडला तर दुसरा काम करील, अशी दुहेरी सोय त्यात होती. चित्रात दोन चौकोन शेजारी शेजारी दिसले की माणूस निर्धास्त होतो. पण दोन्ही संगणकांत एकच सॉफ्टवेअर होते, तेही ‘एरियान-४’मधून आणलेले. नव्या रॉकेटच्या वाढलेल्या वेगामुळे एक मोठा आकडा १६ बिटांच्या जागेत मावेना. आधी राखीव संगणक थांबला आणि सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आतच त्याच कारणाने मुख्य संगणकही थांबला. ‘या दोन चौकोनांमध्ये समान काय आहे?’ हा प्रश्न साधे चित्र विचारत नाही.

तिसरी घटना अधिक बोलकी आहे. सप्टेंबर १९९९ मध्ये ‘नासा’चे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळाजवळ नष्ट झाले. जमिनीवरील एक सॉफ्टवेअर बलाचे मोजमाप पौंडांत देत होते आणि ते वापरणारे सॉफ्टवेअर न्यूटनमध्ये धरत होते. फरक जवळजवळ साडेचार पटींचा. इथे एकक कोणते हे दस्तऐवजात लिहिलेले नव्हते असे नाही, लिहिलेले होते. पण तो कागद माणसाने वाचायचा होता, आणि कागदातले वर्णन व प्रत्यक्ष प्रोग्रॅम एकमेकांशी जुळतात का हे वेळीच कोणी ताडून पाहिले नाही. म्हणून नुसते चित्र काढून भागत नाही. ते यंत्राला वाचता येईल अशा भाषेत असावे, म्हणजे एका टोकाला पौंड आणि दुसऱ्या टोकाला न्यूटन लिहिलेले असेल तर संगणकानेच ती विसंगती दाखवून द्यावी.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. अशा भाषा शिकायला कठीण असतात. त्यांत वर्णन लिहिण्यात महिने जातात आणि तोवर सॉफ्टवेअर पुढे निघून गेलेले असते. ‘प्रोग्रॅम हेच खरे वर्णन’ असे म्हणणारा अनुभवी वर्ग मोठा आहे आणि त्याचे म्हणणे हवेतले नाही. विद्यापीठांत जन्मलेल्या अनेक भाषा विद्यापीठांतच राहिल्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १५ देशांतील ४० कंपन्यांमधल्या ४८ जाणकारांना याविषयी विचारण्यात आले. उद्योगातून आलेल्या भाषांकडेच त्यांचा कल जास्त होता. गणिती तपासणीच्या ताकदीपेक्षा सहकाऱ्यांशी संवाद सोपा होणे त्यांना अधिक मोलाचे वाटत होते.

पण या आक्षेपाचे उत्तरही याच क्षेत्रात तयार आहे. प्रत्येक यंत्रणेला सर्वात कडक भाषा लागत नाही. ब्रिटिश तंत्रज्ञ सायमन ब्राउन यांची ‘सी-फोर’ ही पद्धत मुद्दाम साधी ठेवलेली आहे. नकाशात आधी देश, मग जिल्हा, मग गाव, मग गल्ली दिसावी, तशा तिच्यात चार पातळ्या आहेत. पहिल्या पातळीवर यंत्रणा, तिचे वापरकर्ते आणि तिच्याशी जोडलेल्या इतर यंत्रणा एवढेच दिसते आणि ते डॉक्टर किंवा रुग्णालयाचा अधीक्षकही वाचू शकतो. प्रत्येक बाणावर त्याचा अर्थ शब्दांत लिहावा आणि चित्रासोबत खुणांची सूची द्यावी, एवढी शिस्त मात्र ती मागते. असे वर्णन साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून त्यावरून चित्र आपोआप काढता येते, त्यामुळे प्रोग्रॅम बदलला की तिथेच वर्णनही बदलता येते. ‘आयएसओ ४२०१०’ हे आंतरराष्ट्रीय मानक तर कोणतीही एक भाषा लादतच नाही. हे वर्णन कोणासाठी आहे, त्यांच्या कोणत्या चिंतांना ते उत्तर देते आणि ते वाचायचे कसे, हे स्पष्ट लिहा, एवढाच त्याचा आग्रह आहे. नोंदणीच्या खिडकीसाठी सी-फोर पुरेशी आहे. औषधाच्या पंपासाठी एएडीएलसारखी तपासता येणारी भाषा हवी. धोका जेवढा, तेवढी भाषा कडक, हे सूत्र परवडण्याजोगे आहे.

भारतात हा प्रश्न आत्ताच का महत्त्वाचा? २७ सप्टेंबर २०२१ रोजी ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ देशभर सुरू झाले. त्यात नागरिकाला १४ अंकी ‘आभा’ क्रमांक मिळतो. आरोग्याच्या नोंदी एका मध्यवर्ती गोदामात न साठवता जिथे तयार झाल्या तिथेच राहाव्यात आणि रुग्णाच्या संमतीने एका संस्थेकडून दुसरीकडे जाव्यात, ही त्यामागची कल्पना आहे आणि ती चांगली आहे. नोंदींची देवाणघेवाण कोणत्या साच्यात करायची याचे मानकही ठरले आहे. पण देवाणघेवाणीचे मानक फक्त पाकिटात काय असावे हे सांगते. पाकीट रुग्णालयात पोहोचल्यावर आत ते कोणाच्या हाती जाते, त्याची प्रत कुठे राहते, संमती मागे घेतल्याची खबर कोणत्या यंत्रणेपर्यंत पोहोचते आणि कोणत्या यंत्रणेपर्यंत पोहोचतच नाही, हे त्या रुग्णालयाच्या अंतर्गत रचनेवर ठरते. नोंदणीचे सॉफ्टवेअर एका पुरवठादाराचे, प्रयोगशाळेचे दुसऱ्याचे, एक्स-रे आणि स्कॅनचे तिसऱ्याचे, विम्याच्या दाव्यांचे चौथ्याचे, अशी स्थिती जिथे असते, तिथे सगळे मिळून कसे चालते हे बहुधा एक-दोन अनुभवी कर्मचाऱ्यांनाच ठाऊक असते. त्यांची बदली झाली किंवा कंत्राट संपले की ते ज्ञानही जाते.

म्हणून मागणी मोजकी आणि नेमकी असावी. रुग्णालयाच्या संगणकीकरणाच्या प्रत्येक निविदेत रचनेचे वर्णन हा सॉफ्टवेअरइतकाच आवश्यक भाग असावा. ते कोणत्या भाषेत आहे हे नाव घेऊन लिहावे, खुल्या स्वरूपातील फाइलमध्ये द्यावे, आणि त्याची मालकी पुरवठादाराकडे न राहता रुग्णालयाकडे असावी. प्रत्येक चित्रावर तारीख आणि खुणांची सूची असावी. रुग्णाच्या जिवाशी संबंध असलेल्या प्रत्येक जोडणीपुढे ‘ही जोडणी तुटली तर काय होईल’ याचे लेखी उत्तर असावे. यंत्रणेत बदल झाला आणि वर्णन बदलले नाही, तर त्या बदलाचे बिल मंजूर होऊ नये. हा शेवटचा नियम कठोर वाटेल, पण रस्त्याच्या कामात मोजमाप-पुस्तिकेशिवाय बिल निघत नाही, हे सरकारी खात्यांना नवे नाही.

असे तपशीलवार नकाशे तयार केले तर ते हल्लेखोरांच्याच हाती पडतील, अशी भीती व्यक्त होईल. तिचे उत्तरही पातळ्यांमध्ये आहे. सर्व्हरचे पत्ते आणि जोडण्यांचे तपशील तिजोरीत राहू द्यावेत. पहिल्या पातळीचे चित्र मात्र लोकांसमोर असावे. आपला रक्ततपासणीचा अहवाल कोणकोणत्या संस्थांच्या यंत्रणांतून जातो आणि कोणत्या ठिकाणी आपली संमती विचारली जाते, एवढे एका पानावर, मराठीत, रुग्णालयाच्या दर्शनी भागात लावता येण्याजोगे आहे. अंतर्गत नकाशाच्या बाबतीत तर तो नसणे हाच मोठा धोका आहे. हल्ला झालेल्या दिवशी कोणती जोडणी तोडायची आणि कोणती तोडली तर अतिदक्षता विभाग अडचणीत येईल, हे ठरवायला हाताशी मिनिटे असतात. त्या मिनिटांत नकाशा काढायला कोणी बसू शकत नाही.

रचनावर्णनाच्या भाषा चुका होण्याचे थांबवणार नाहीत. इमारतींचे नकाशे असूनही इमारती पडतात. पण इमारत पडल्यावर चौकशी समिती सर्वात आधी नकाशा मागते, सळईचा व्यास पाहते आणि जबाबदारी कोणाची हे ठरवू शकते. रुग्णालयाच्या संगणक यंत्रणेत उद्या कोणाला चुकीचा डोस गेला किंवा कोणाची नोंद परक्याच्या हाती पडली, तर चौकशी अधिकाऱ्याला मागण्याजोगा नकाशा आज किती ठिकाणी आहे? याचे उत्तर प्रत्येक रुग्णालयाच्या अधीक्षकाने आपल्या पुरवठादाराकडे मागावे आणि बाणाचा अर्थ लिहिलेला नसलेले चित्र समोर आले, तर ते परत पाठवावे.